नागरिकशास्त्राचे पाच गुण आणि चार वर्षांची शिष्यवृत्ती

राज्यघटनेने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो घटनेत आला, १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला आणि पहिली ते आठवीचे शिक्षण मोफत व सक्तीचे ठरले. सातवीच्या नागरिकशास्त्रात मुले हा हक्क शिकतात. पण ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या टोकावड्यात, आणि त्याच्या आसपासच्या पाड्यांवर, घरात खरा प्रश्न उभा राहतो तो आठवीनंतर. वह्यापुस्तके, गणवेश, येण्याजाण्याचा खर्च हे सगळे एकदम अंगावर येते. त्यात पोरगा हाताशी आला, पोरगी घरातले बघायला लागली, ही जाणीवही त्याच वर्षी होते. हक्काची हद्द जिथे संपते, तिथेच शाळा सुटायला सुरुवात होते.

ही गळती डोळ्यासमोर ठेवून केंद्र सरकारने २००८ साली एक योजना आणली. तिचे मराठी नाव लांबलचक आहे: राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना परीक्षा. शाळेत मात्र सगळे तिला ‘एनएमएमएस’च म्हणतात. आठवीत असताना परीक्षा द्यायची, निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला १,०००. चार वर्षांचे ४८,००० होतात. पूर्वी ही रक्कम वर्षाला ६,००० होती, २०१७ पासून ती दुप्पट झाली. देशभरात दरवर्षी १ लाख नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यांपैकी ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला आहेत.

या लेखात ही परीक्षा कशी चालते ते मी पायरीपायरीने सांगणार आहे. पण मला विशेष बोलायचे आहे ते तिच्यातल्या एका छोट्या कोपऱ्याबद्दल. तो कोपरा म्हणजे नागरिकशास्त्र. शाळेत ज्या विषयाला सगळ्यात शेवटी हात लागतो, त्याला इथे प्रत्यक्ष गुण आहेत, आणि टोकावड्याच्या मुलांना त्या गुणांसाठी लागणारी माणसे, कचेऱ्या आणि रस्ते रोज डोळ्यांपुढे दिसतात.

आधी एक घोटाळा दूर करतो. पालक ‘स्कॉलरशिपची परीक्षा’ म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या मनात पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिच्यात प्रथम भाषा, गणित, तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र तिच्यात नाही. एनएमएमएस वेगळी. दोन्ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदच घेते, म्हणून गोंधळ होतो. ‘आमच्याने स्कॉलरशिप दिली आहे, आता दुसरी कशाला’ असे म्हणून एनएमएमएसचा फॉर्म न भरणे ही मोठी चूक आहे. दोन्ही देता येतात.

परीक्षेला कोण बसू शकते? मूल आठवीत शिकत असले पाहिजे आणि शाळा सरकारी, जिल्हा परिषद किंवा नगरपरिषदेसारख्या स्थानिक संस्थेची, किंवा अनुदानित असली पाहिजे. सातवीत किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती व जमातीच्या मुलांना ५० टक्के पुरतात. आई आणि वडील दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, जवाहर नवोदय विद्यालय आणि सैनिकी शाळा यांतली मुले बसू शकत नाहीत.

पात्रतेची आणखी एक अट मुरबाड आणि शेजारच्या शहापूर तालुक्यासाठी फार महत्त्वाची आहे. सरकारी खर्चाने राहणे, जेवण आणि शिक्षण या सोयींचा लाभ घेणारी मुले या योजनेत बसत नाहीत. म्हणजे निवासी आश्रमशाळेत राहून शिकणारी ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली समाजाची मुले बाहेर राहतात. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि या दोन्ही तालुक्यांत आश्रमशाळा भरपूर आहेत, त्यामुळे ही अट इथे जितकी जाणवते तितकी शहरालगत जाणवत नाही. अटीमागचा विचार मला समजतो: ज्या मुलाचा खर्च सरकार आधीच उचलते त्याला दुसऱ्यांदा पैसे नकोत. तरीही माझे स्पष्ट मत आहे की आठवीनंतर घरी परतणाऱ्या मुलासाठी ही अट शिथिल व्हायला हवी. गळतीचा धोका त्याच मुलाला जास्त असतो. अट बदलेपर्यंत घरी राहून जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या आदिवासी मुलांचे फॉर्म एकही न चुकता भरले जावेत, इतके तरी करता येते.

फॉर्म मूल भरत नाही, शाळा भरते. मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून, शाळेच्या यूडायस क्रमांकावर, परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर तो भरला जातो. साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याची सूचना निघते आणि दिवाळीच्या मागेपुढे मुदत संपते. पालकांनी तयार ठेवायचे ते कागद असे: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातवीचे गुणपत्रक, आधार कार्ड, राखीव गटातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, दिव्यांग असल्यास त्याचे प्रमाणपत्र. उत्पन्नाचा दाखला मुरबाडच्या तहसील कार्यालयातून सेतूमार्फत किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून निघतो. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. मुरबाडकरांसाठी ते कार्यालय कल्याणला आहे, शहापूरकरांसाठी भिवंडीला. हे काम भातकापणीच्या आधी उरकलेले बरे. एकदा कापणी आणि झोडणी सुरू झाली की महिनाभर घरातले कुणी तालुक्याला जात नाही, आणि त्याच महिन्यात मुदत संपते.

कागद गोळा करताना नावाकडे नीट बघा. शाळेच्या जनरल रजिस्टरात एक नाव, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकात तिसरे असे आपल्याकडे सर्रास असते. वडिलांच्या नावात एक काना इकडेतिकडे, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे, जन्मतारखेत एक दिवसाचा फरक. परीक्षेच्या दिवशी याने काही अडत नाही. पण पुढे पैसे यायच्या वेळी नेमके इथेच अडते, ते कसे ते पुढे सांगतो.

आता पेपर. परीक्षा एकाच दिवशी दोन पेपरांची असते. गेली काही वर्षे ती डिसेंबरच्या उत्तरार्धातल्या एखाद्या रविवारी होते आहे. पहिला पेपर बौद्धिक क्षमता चाचणीचा: ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटे. संख्यामालिका, वर्गीकरण, समसंबंध, लपलेली आकृती, आरशातली प्रतिमा अशा प्रकारचे प्रश्न. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा. त्यातही तेवढेच प्रश्न आणि तेवढीच मिनिटे. त्याची वाटणी अशी आहे: सामान्य विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. समाजशास्त्राच्या ३५ मध्ये इतिहास १५, भूगोल १५ आणि नागरिकशास्त्र ५. अभ्यासक्रम सातवीचा पूर्ण आणि आठवीचा पहिल्या सत्रापर्यंतचा. चार पर्यायांतला बरोबर पर्याय निवडायचा आणि उत्तरपत्रिकेवरचे वर्तुळ पेनाने काळे करायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. खाडाखोड केलेल्या किंवा दोन वर्तुळे भरलेल्या उत्तराला मात्र शून्यच मिळते.

१८० पैकी पाच गुण म्हणजे काय मोठे, असे वाटेल. गुणवत्ता यादीच्या शेवटाकडे एकेका गुणावर कितीतरी मुले उभी असतात, आणि एका गुणाने चार वर्षांचे ४८,००० रुपये येतात किंवा जातात. भौतिकशास्त्राचे अकरा प्रश्न तयार करायला महिने लागतात. नागरिकशास्त्राचे पाच पक्के करायला, धडे नीट वाचले आणि आजूबाजूला बघितले, तर पंधरवडा पुरे.

सातवीच्या पुस्तकात संविधानाची ओळख, उद्देशिका, वैशिष्ट्ये, मूलभूत हक्कांचे दोन पाठ आणि मार्गदर्शक तत्त्वे व मूलभूत कर्तव्ये असे सहा पाठ आहेत. आठवीत संसदीय शासन पद्धती, भारताची संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था, राज्यशासन आणि नोकरशाही. पाठांची नावे वाचली तरी दिल्ली आणि मुंबई डोळ्यासमोर येते, आणि मूल पाठांतराच्या वाटेला लागते. मी सुचवीन की सुरुवात टोकावड्यातूनच करा.

पहिला प्रश्न मुलांना विचारा: आपल्या गावातला अठरा वर्षांचा माणूस किती निवडणुकांत मत देऊ शकतो? ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. ग्रामपंचायतीत प्रभागाच्या सदस्यांसाठी मत आणि सरपंचाला वेगळे मत, कारण महाराष्ट्रात सरपंच आता थेट मतदारांतून निवडला जातो. पंचायत समिती मुरबाडची, जिल्हा परिषद ठाण्याची. विधानसभेचा मतदारसंघ मुरबाड, आणि तो लोकसभेच्या भिवंडी मतदारसंघाचा भाग आहे. भिवंडी लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात: भिवंडी ग्रामीण, शहापूर, भिवंडी पश्चिम, भिवंडी पूर्व, कल्याण पश्चिम आणि मुरबाड. शहापूर अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, मुरबाड नाही. म्हणजे शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत उमेदवारीचा नियम वेगळा. राखीव मतदारसंघ म्हणजे काय हे सांगायला याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

दुसरा प्रश्न: मग राज्यसभेचा खासदार कोण निवडतो? आपण नाही. आपण निवडून दिलेला मुरबाडचा आमदार आणि विधानसभेतले त्याचे इतर सहकारी. महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ आणि लोकसभेवर ४८ खासदार जातात. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही तोच आमदार मत देतो, शिवाय लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले सदस्य. म्हणजे टोकावड्याच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर पडलेले मत दोन पायऱ्या चढून राष्ट्रपती भवनापर्यंत पोहोचते. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष निवडणूक हा फरक एवढ्यात कळतो आणि परत विसरत नाही.

विधान परिषद मुलांना सगळ्यात अवघड जाते. तिथे उदाहरण वर्गातच उभे असते. कोकण विभागाचा एक पदवीधर मतदारसंघ आहे आणि एक शिक्षक मतदारसंघ. ठाणे जिल्हा त्या दोन्हींत येतो. माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या आपल्या सरांना किंवा बाईंना विचारा, ‘तुम्ही शिक्षक मतदारसंघात नाव नोंदवले आहे का?’ महाराष्ट्राच्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या, ७ पदवीधरांच्या, २२ स्थानिक संस्थांच्या, ३० विधानसभा सदस्यांनी निवडलेल्या आणि १२ राज्यपालांनी नेमलेल्या. विधानसभेच्या जागा २८८. हे दोन आकडे, २८८ आणि ७८, एकमेकांशेजारी लिहून ठेवावेत.

आता एसटीच्या थांब्यावर उभे राहा. समोरून जातो तो राष्ट्रीय महामार्ग ६१. त्याची जबाबदारी केंद्राची. टोकावड्याला पोलीस ठाणे आहे, ते ठाणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत, आणि पोलीस हा राज्याचा विषय. मागच्या डोंगरावरचे जंगल आणि मुलांची शाळा, म्हणजे वने आणि शिक्षण, हे विषय समवर्ती सूचीत आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते राज्यसूचीतून तिथे आले. संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची हा सातवीतला भाग तीन रकाने पाठ करून मुले परीक्षेत उलटापालट करतात. थांब्यावर उभे राहून एकदा सांगितले की रकाना चुकत नाही.

नोकरशाहीच्या पाठालाही हीच युक्ती लागू पडते. ठाण्याचे जिल्हाधिकारी भारतीय प्रशासकीय सेवेतले, ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक भारतीय पोलीस सेवेतले, वनविभागाचे उपवनसंरक्षक भारतीय वनसेवेतले. या तीन अखिल भारतीय सेवा. तहसीलदार मात्र राज्यसेवेतले. आमदार पाच वर्षांनी बदलू शकतो, तहसीलदाराची बदली होते पण नोकरी राहते. राजकीय कार्यकारी मंडळ तात्पुरते आणि प्रशासन स्थायी, हे पुस्तकातले वाक्य मुलांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मुरबाडला गेल्यावर पटते.

न्यायव्यवस्थेत साखळी लक्षात ठेवा: मुरबाडचे न्यायालय, ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायालय, मुंबई उच्च न्यायालय, दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालय एकट्या महाराष्ट्राचे नाही, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांचेही आहे. ‘प्रत्येक राज्याला स्वतंत्र उच्च न्यायालय असते’ असे विधान आले तर ते चूक, कारण गोव्याला स्वतंत्र नाही.

मूलभूत हक्कांच्या पाठात शोषणाविरुद्धचा हक्क येतो. वेठबिगारीला बंदी, आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत, धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी. या भागातल्या मुलांना वेठबिगारी पुस्तकातून समजावून सांगायची गरज नसते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, हे ती बघत आलेली असतात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. १९८२ साली स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने याच ठाणे जिल्ह्यात त्या कायद्याच्या आधारे मजुरांना सोडवण्याची लढाई उभी केली. हक्क हा शब्द इथे कोरडा राहत नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट याच अनुषंगाने: परीक्षा डिसेंबरात आणि स्थलांतर दिवाळीनंतर. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातले आठवीचे मूल परीक्षेच्या दिवशी गावात कसे राहील, याची तजवीज शाळेने आणि नातेवाइकांनी ऑक्टोबरातच केली पाहिजे. फॉर्म भरला आणि परीक्षेच्या दिवशी बाक रिकामा, असे होऊ नये.

फसवणारे प्रश्न ठरावीक असतात. लोकसभेसाठी किमान वय २५, राज्यसभेसाठी ३०. लोकसभेची मुदत ५ वर्षे; राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, तिच्या सदस्यांची मुदत ६ वर्षे आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. राज्यसभेचे सभापती उपराष्ट्रपती असतात. धनविधेयक फक्त लोकसभेत मांडता येते आणि राज्यसभेला ते १४ दिवसांत परत करावे लागते. मंत्रिमंडळाविरुद्ध अविश्वासाचा ठराव येतो तो लोकसभेत. केंद्रातल्या मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. मूलभूत कर्तव्ये ११ आहेत, आणि अकरावे पालकांसाठी आहे: सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे. ‘मूलभूत कर्तव्ये किती’ याला १० हा पर्याय हमखास ठेवलेला असतो.

थोरल्या भावाचे जुने गाइड घरात असेल तर जपून वापरा. त्यात लोकसभेवर दोन अँग्लो-इंडियन सदस्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात असे असेल, पण जानेवारी २०२० पासून ती तरतूद राहिलेली नाही. विधान परिषद असलेल्या राज्यांत जम्मू-काश्मीरचे नाव असेल, तेही २०१९ मध्ये गळले. आता अशी राज्ये सहा: महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा.

इतिहासाबद्दल एकच सांगून पुढे जातो. १९४२ च्या भूमिगत चळवळीचा अभ्यास करताना भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांची नावे नुसती वाचून सोडू नका. २ जानेवारी १९४३ रोजी ते हुतात्मा झाले तो सिद्धगड मुरबाड तालुक्यातच आहे.

परीक्षेच्या दिवशी केंद्र तालुक्याच्या गावी आले तर सकाळची पहिली गाडी धरावी लागते. प्रवेशपत्र शाळेकडून आदल्या दिवशीच घ्या. दोन पेन, पाण्याची बाटली आणि मधल्या सुट्टीसाठी डबा बरोबर द्या, कारण दोन पेपरांमध्ये दीडेक तासाचे अंतर असते. पहिल्या पेपरात बुद्धिमत्तेच्या आकृत्यांत मूल अडकले तर दुसऱ्या पेपरावर त्याचा ताण येतो, म्हणून डबा खाताना झालेल्या पेपरची चर्चा नको.

परीक्षेनंतर परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते. एखादे उत्तर चुकीचे वाटले तर मुदतीत आणि पुराव्यासह हरकत नोंदवता येते. टोकावड्यातून अशी हरकत जायला काहीच आडकाठी नाही, आणि एक प्रश्न रद्द झाला किंवा दुरुस्त झाला तर त्याचा फायदा सगळ्यांना मिळतो. त्यानंतर अंतिम सूची, मग निकाल. पात्र व्हायला दोन्ही पेपर मिळून ४० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ३२ टक्के. पण पात्र होणे आणि निवड होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याचा कोटा जिल्ह्यांत आणि प्रवर्गांत वाटलेला असतो. ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या मुलांची स्पर्धा कल्याण, ठाणे, भिवंडी, नवी मुंबई इथल्या मुलांशी असते, हे लक्षात ठेवून तयारी करावी लागते.

निवड यादीत नाव आले की शाळेत पेढे वाटले जातात. अर्धे काम मात्र त्यानंतर सुरू होते आणि इथे हलगर्जी झाली तर मिळवलेली शिष्यवृत्ती हातातून जाते. पैसे आपोआप येत नाहीत. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मुलाची नोंदणी करून नवा अर्ज भरावा लागतो. तो आधी शाळेचा नोडल अधिकारी तपासतो, मग जिल्ह्याचा. दोन्ही टप्पे मुदतीत पार पडले तरच अर्ज पुढे जातो, आणि पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. खाते मुलाच्या नावाचे आणि आधारला जोडलेले लागते. नावातली ती काना-मात्रेची चूक इथे आडवी येते. शिक्षक अर्ज भरून मोकळे होतात, पालकांना वाटते झाले काम, आणि अर्ज पडताळणीसाठी पडून राहतो. म्हणून अर्जाचा क्रमांक वहीत लिहून घ्या आणि दर आठवड्याला शाळेत विचारा: ‘शाळेची पडताळणी झाली का? जिल्ह्याची झाली का?’ असे विचारण्यात संकोच नको. तो तुमचा हक्क आहे.

दहावी, अकरावी आणि बारावीत दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा असतो. एखाद्या वर्षी विसरला तर त्या वर्षाचे पैसे गेले. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण व्हावे लागते. दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. अकरावीचा प्रवेश घेताना विशेष सांभाळा. शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सरकारी किंवा अनुदानित असले पाहिजे. स्वयंअर्थसहाय्यित तुकडीत प्रवेश घेतला किंवा दहावीनंतर आयटीआय, पॉलिटेक्निकला गेले, तर ही शिष्यवृत्ती थांबते. त्या वाटा वाईट आहेत असे मी म्हणत नाही, पण प्रवेश घेताना हा हिशेब माहीत असावा.

पात्र ठरूनही केंद्राच्या कोट्यात नाव न आलेल्या मुलांसाठी आणखी एक दार आहे. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा विद्यार्थ्यांना पुण्याची सारथी संस्था छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती देते: नववी ते बारावी, दरवर्षी ९,६०० रुपये. शहापूर-मुरबाडमध्ये कुणबी समाज मोठा आहे, आणि एनएमएमएसला पात्र होऊन यादीबाहेर राहिलेल्या मुलांच्या पालकांनी हा अर्ज केलाच पाहिजे. त्यासाठीही शाळेमार्फतच कागद जातात आणि मुदत असते.

टोकावड्याच्या आणि आसपासच्या प्रत्येक जिल्हा परिषद व अनुदानित शाळेतल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. आठवीच्या पटावरची सगळी नावे घ्या, त्यांतली कोण पात्र आहेत ते तपासा, आणि एकाही पात्र मुलाचा फॉर्म राहू देऊ नका. मूल हुशार आहे की नाही हे फॉर्म भरण्याआधी ठरवू नका. पालकांनी जूनमध्ये शाळा सुरू होताच उत्पन्नाच्या दाखल्याच्या कामाला लागावे आणि पासबुक, आधार व शाळेचे रजिस्टर या तिन्ही ठिकाणचे नाव एकदा शेजारीशेजारी ठेवून बघावे. आणि येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आठवीच्या मुलांना बरोबर न्या. मत देता येत नसले तरी बसून ऐकता येते.